तुम्ही विचारलंत म्हणून: बदली होणार असेल तर प्रमोशन घ्यावं का?

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी फोन येतात. बहुतेक संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, मागे एसटी स्टँडचा गलका. "मॅडम, यादीत नाव आलंय. पण बदली होणार. मुलगी दुसरीत आहे. घेऊ की नको?"

सरकारी सामान्य विमा (आयुर्विमा सोडून गाडी, दुकान वगैरेंचा विमा) कंपनीत मी अडतीस वर्षं काढली, आणि मुली मला सर्वांत जास्त वेळा हेच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: घ्या. पण तेवढं सांगून फोन ठेवता येत नाही, कारण मी स्वतः एकदा नाही म्हटलं होतं.

1996 साल. मी कोल्हापूरला असिस्टंट होते. ऑफिसरची खात्यांतर्गत परीक्षा पास झाले, पोस्टिंग रत्नागिरी. मुलगा चार वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे धरलेले. दुपारी पत्र हातात पडलं आणि चारच्या आत मी नकार लिहून मोकळी झाले. रात्री जेवताना घरी सांगितलं. यजमान शाळेत शिक्षक. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस." सासूबाई आतून म्हणाल्या, "मी न्हाई म्हणणार हे तूच ठरवलंस व्हय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरच्यांचा नकार मी घरच्यांना न विचारताच देऊन आले होते.

त्या एका दुपारची किंमत तेव्हा कळली नाही. आमच्याकडे असिस्टंटनंतर एओ म्हणजे ऑफिसरची पहिली पायरी, मग असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर, चीफ मॅनेजर, आणि त्यावर डेप्युटी जनरल मॅनेजर, जनरल मॅनेजर. प्रत्येक पायरीवर ठरावीक वर्षं काढल्याशिवाय पुढच्या पायरीचा विचारच होत नाही, आणि साठाव्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. मला पुन्हा संधी मिळाली 2001 मध्ये. बत्तिसाव्या वर्षी सोडलेली ती पाच वर्षं अठ्ठावन्नाव्या वर्षी वजा झाली. 1996 च्या यादीत माझ्या खालचं नाव असलेले सहकारी चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, मी डेप्युटी मॅनेजर म्हणून. ते हुशार होतेच. पण ते त्या वर्षी गेले आणि मी थांबले, हाही फरक होता.

म्हणून वरच्या खुर्च्यांवर बायका इतक्या उशिरा का दिसल्या, याचं मला फार नवल वाटत नाही. आयुर्विमा महामंडळ 1956 चं. तिथे पहिली महिला व्यवस्थापकीय संचालक, उषा संगवान, 2013 मध्ये. सामान्य विम्याचं राष्ट्रीयीकरण 1973 पासून अमलात आलं, आणि जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या अध्यक्षपदी पहिली बाई, एलिस वैद्यन, 2016 मध्ये. खासगीत 2018 मध्ये विभा पडळकर एचडीएफसी लाइफच्या प्रमुख झाल्या, त्या बातमीचं कात्रण माझ्याकडे अजून आहे. वर पोचायला तीस-तीस वर्षं लागणाऱ्या नोकरीत तिशीतच गाळल्या गेलेल्या बायका वर कुठून दिसणार?

दुसरी गोष्ट कोणी विचारत नाही, मी आपणहून सांगते: टेबल कोणतं मागायचं. मी लागले तेव्हा बायकांना कॅश, पॉलिसी टाइप करणं, टपाल. मोटार क्लेम, म्हणजे गाड्यांच्या नुकसानीचे दावे, पुरुषांकडे, कारण गॅरेजमध्ये जावं लागतं, ट्रकवाल्यांशी बोलावं लागतं. पुढे प्रमोशन घेऊन रत्नागिरीला गेल्यावर मी मोटार क्लेमच मागितला. आंबा घाटात कलंडलेल्या ट्रकपाशी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरबरोबर उभी राहिले. विमा म्हणजे काय ते मला तिथे समजलं. नाही म्हणायलाही तिथेच शिकले. अपघात झाल्यावर चेक घेऊन येणारे असतात: "मॅडम, कालच्या तारखेचं कव्हर द्या ना." विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी सांगतं, हप्ता आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. समोर रडणारा माणूस असला तरी नाही.

आणि हो म्हणायला शिकले चिपळूणला.

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी तिथली ब्रांच सांभाळत होते. आमच्याही ऑफिसच्या फायलींचा चिखल झाला. पहिले दोन दिवस आम्ही मिळेल त्याला फोनवर एकच सांगत होतो: गाडीला स्टार्टर मारू नका, ओढून न्या. पाणी भरलेलं इंजिन सुरू केलं की होणारं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही.

मग दुकानं. भांड्यांचं दुकान चालवणारी एक बाई, नवरा गेल्यापासून एकटी. दिरांनी, शेजाऱ्यांनी मला गराडा घातला, सगळे एकदम बोलत होते. तिने मला मागच्या खोलीत नेलं. "ताई, खरं सांगा, किती मिळतील?" दुकानात माल वीस लाखांचा, विमा दहा लाखांचा, कारण बँकेचं कर्ज तेवढंच. नुकसान आठ लाखांचं. तिला वाटत होतं आठच्या आठ मिळणार. मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा असला की नुकसानीचीही निम्मीच भरपाई, हे सरासरीचं कलम मला तिला भिजलेल्या खोक्यावर बसून समजवावं लागलं. चार लाख. ती काही बोलली नाही. हिशेबाच्या वह्या गेल्या होत्या, म्हणून सर्व्हेअरने जीएसटीची विवरणपत्रं आणि व्यापाऱ्यांची बिलं जुळवून माल सिद्ध केला. रक्कम माझ्या अधिकारात बसत होती. दोन लाख ऑन अकाउंट, म्हणजे अंतिम भरपाईआधीची उचल म्हणून मी त्याच आठवड्यात मंजूर केले, कोणालाही न विचारता.

ती सही करता यावी यासाठी प्रमोशन घ्या, असं मी मुलींना सांगते. असिस्टंट असते तर तिच्या अर्जावर आवक शिक्का मारून मी तो पुढे पाठवला असता. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी मी बाजारपेठेतल्या दुकानादुकानात गेले आणि विम्याची रक्कम मालाएवढी वाढवायला लावली. तेही ब्रांच माझी होती म्हणूनच जमलं.

किंमतही सांगते, लपवत नाही. 2003 च्या मार्च एंडला मुलाला टायफॉइड झाला. मी दोन दिवसांनी कोल्हापूरला पोचले. तेव्हा त्याचा ताप उतरला होता आणि तो आजीच्या मांडीवर झोपला होता. तो हे विसरलाय. मी नाही.

परवा फोन केलेली मुलगी एक तारखेला नांदेडला हजर होतेय. नवरा आणि सासू दोघांशी बोलून मग तिने होकार दिला. निघताना काय काय न्यावं, असं विचारत होती. म्हटलं, सामानाचं तुझं तू बघ. पहिल्या दिवशी प्रलंबित दाव्यांची यादी मागून घे आणि सगळ्यात जुनी फाइल आधी उघड.