क्लोरप्रोमाझिन, ऊन आणि बोकडाचं रक्त: माझा अनुभव

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या प्रोजेक्टसाठी मी क्लोरप्रोमाझिन हा विषय मागून घेतला. कारण घरातलंच होतं. माझे काका बरीच वर्षं ही गोळी घेतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये जरा बाहेर फिरून आले की त्यांची मान आणि हातांची पाठ भाजल्यासारखी लाल व्हायची. बाकीचे त्याच उन्हातून येत, त्यांना काही होत नसे. हे औषध 1950 च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये तयार झालं, 1952 पासून मानसिक आजारांवर वापरलं जाऊ लागलं आणि त्याने असंख्य घरं सावरली, आमचंही. म्हणूनच उन्हात ते नेमकं काय करतं हे मला बघायचं होतं.

बघायला तांबड्या पेशी सोयीच्या. पेशीचं पटल, म्हणजे तिचं पातळ आवरण, फाटलं की हिमोग्लोबिन बाहेर पडतं आणि पाणी लाल होतं. पहाटे मटणाच्या दुकानातून, रक्त गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट घातलेल्या बाटलीत बोकडाचं रक्त घ्यायचं, बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आणायचं आणि सलाईनने धुवायचं, सेंट्रिफ्यूजमधून (ट्यूब गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणारं यंत्र) काढल्यावर वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. उन्हाळ्यात या कामाला जरा उशीर झाला की पेशी आपोआप फुटायला लागतात, मग ते रक्त टाकूनच द्यायचं.

सगळ्यात वेळ खाल्ला औषधाच्या प्रमाणाने. क्लोरप्रोमाझिन जास्त पडलं तर अंधारातही पेशी फोडतं. उलट अगदी थोडं असेल तर पातळ सलाईनमध्ये पेशींना फुटण्यापासून काहीसं वाचवतं. माझ्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या, "अंधारातली ट्यूब लाल झाली की तुझी मेहनत पाण्यात गेली म्हणून समज." खिडकीवर दुहेरी सोलापुरी चादर टांगली, ट्यूबांना फॉइल गुंडाळलं आणि अंधारात पेशींना धक्का लागणार नाही असं प्रमाण शोधत बसले.

ते सापडल्यावर मात्र उत्तर डोळ्यांना दिसलं. 365 नॅनोमीटरच्या, म्हणजे अतिनील उजेडाच्या, दिव्याखाली नुसत्या पेशी ठेवल्या, काही नाही. औषध घालून अंधारात ठेवल्या, तरी काही नाही. औषध आणि उजेड एकत्र आले तेव्हा सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या ट्यूबचं वरचं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल, आणि तळाशी पेशींचा जेमतेम पातळ थर. पाण्यात किती हिमोग्लोबिन आलं हे सांगणारं, 540 नॅनोमीटरच्या प्रकाशाला घेतलेलं रीडिंग ऊर्ध्वपातित पाण्यात सगळ्या पेशी फोडलेल्या ट्यूबच्या जवळ गेलं.

होतं ते असं. या रेणूचा कड्यांचा भाग स्निग्ध पटलात घुसतो आणि धनभार असलेली शेपटी पटलातल्या ऋणभाराला धरून राहते. तिथे अतिनील प्रकाश शोषला की कड्याला जोडलेला क्लोरिन तुटतो, मागे अतिशय आक्रमक मूलक (जोडी सुटलेला इलेक्ट्रॉन असलेले तुकडे) उरतात आणि ते शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मॅडमनी आधी नुसत्या औषधालाच उजेड दाखवायला सांगितला, आणि पेशी नंतर, अंधारात घालायला. मूलक तोवर संपलेले, तरीही पेशी फुटल्या. उजेडात रेणू एकमेकांना जोडून नवे पदार्थ तयार होतात आणि तेच पटल फोडतात. ऑक्सिजन काढून टाकला तरी उजेडात क्लोरप्रोमाझिनने तांबड्या पेशी फुटतात, हे 1979 मध्येच प्रसिद्ध झालं होतं. प्रकाशाने बिघडणारी बरीच द्रव्यं ऑक्सिजनवाचून लंगडी पडतात, हे पडत नाही. मला सगळ्यात जास्त हेच भिडलं.

घरी आल्यावर काकूंना सांगितलं, गोळी बंद करायची नाही, मनाने कमीही करायची नाही. डॉक्टरांशी बोलून काकांचं फिरणं सूर्य वर यायच्या आधी ठरवलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोठ्या काठाची टोपी आणि अतिनील 'अ' किरण अडवणारं क्रीम. त्यांची दुपारची खुर्चीही खिडकीपासून हलवली. खिडकी बंद असते, पण साधी काच 'ब' किरण बरेचसे अडवते आणि 'अ' बरेचसे आत सोडते. लॅबमधला माझा दिवा 'अ' किरणांचाच होता.