प्रचाराच्या मेलचा माग कसा काढला: माझा अनुभव

विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आमच्या निवासाच्या मेलवर उमेदवारांचे हात जोडलेले फोटो येऊन पडायला लागले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. घरचं जेवण देतो, मे महिन्यात हापूस आणि एरवी कोकमाचं आगळ विकतो. दिवाळीच्या सुट्टीची विचारणा पुण्या-मुंबईहून मेलवरच येते आणि ज्याचं उत्तर आधी जाईल त्याच्याकडं पाहुणा जातो. आमच्याकडं रेंज अंगणाच्या एका कडेलाच नीट मिळते. तिथं उभं राहून मेल उघडावा आणि वरचे सगळे प्रचाराचे निघावेत, खरी विचारणा खाली कुठंतरी गेलेली असावी, असं रोज चाललं होतं.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, माका पण येतत तसले. मी पुसून टाकतंय. तुका ह्यो उपद्व्याप कित्याक व्हयो?" पुसून मीही टाकू शकले असते. पण एका मेलच्या सुरुवातीला लिहिलं होतं, "नमस्कार, ३ खोल्या जेवणासह". माझं नाव नाही, गावाचं नाव नाही. कुठल्यातरी तक्त्यातल्या चुकीच्या रकान्यातून उचललेला मजकूर माझ्या नावाच्या जागी बसवला होता. म्हणजे माझी माहिती कुणाच्या तरी तक्त्यात होती आणि तो तक्ता आता भलत्याच हातात होता. तो कुठून निघाला हे मला शोधायचंच होतं.

शोध लागू शकला तो एका सवयीमुळं. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह टाकून पुढं कुठलाही शब्द लिहिला, तरी मेल आपल्याच खात्यात येतो. त्यासाठी वेगळं खातं काढावं लागत नाही. भाचीनं मला हे दाखवल्यापासून मी प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द जोडून पत्ता देते. बुकिंगच्या साइटला एक, बँकेला एक, आंब्याच्या खोक्यांच्या व्यापाऱ्याला एक. कुणी पत्ता पुढं दिला की तो शब्दच सांगतो, कुठून गेला. काही यादीवाले अधिकचं चिन्ह आणि पुढचा शब्द कापून टाकतात, तेव्हा हा उपाय चालत नाही. इथं कुणी कापला नव्हता. प्रचाराचे सगळे मेल ज्या पत्त्यावर येत होते त्यात 'मेळावा' हा शब्द होता.

तो शब्द मी एकाच ठिकाणी दिला होता. निवास-न्याहारीवाल्यांसाठी तालुक्याच्या गावी एक मेळावा झाला होता, तिथल्या नोंदणीच्या टेबलावर. टेबलावरच्या मुलानं लॅपटॉपवर टाइप करताना विचारलेलंही मला आठवत होतं, "ताई, मधी ह्या अधिक कसला? चुकान पडला काय?" मी म्हटलं, "नाय, तसाच लिव." शेरा म्हणून एक रकाना होता, त्यात त्यानं माझ्याकडून विचारून खोल्या आणि जेवणाचं लिहून घेतलं होतं. नमस्कारानंतरचे शब्द तिथलेच.

तरी पुरावा म्हणून एवढं पुरत नाही. मेल खरोखर कोण पाठवतंय, हे आधी बघायचं होतं. मेलवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहू शकतो. १९८२ साली मेल पोचवण्याची जी पद्धत ठरली, तिच्यात पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. तपासणीची कुलपं पुढं एकेक करून लागली. निवडणुकीच्या दिवसांत विरोधकानंच दुसऱ्याच्या नावानं लोकांना वैताग दिला असेल, हेही शक्य असतं. म्हणून कुणावर बोट ठेवण्याआधी मेलचं पोट उघडून बघावं.

हे मोबाइलच्या अॅपवर होत नाही. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये मेल उघडून, उजवीकडच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' निवडायचं. समोर येतो तो मजकूर पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं, पण बघायच्या जागा थोड्याच आहेत. 'रिसीव्हड' अशा शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे मेल ज्या ज्या सर्व्हरवरून आला त्यांचे शिक्के, टपालाच्या पाकिटावर असतात तसे. सगळ्यात जुना खाली, सगळ्यात नवा वर. त्यामुळं प्रवास खालून वर वाचायचा. मात्र विश्वास वरून खाली ठेवायचा, कारण खालचे शिक्के पाठवणारा स्वतः बनवून चिकटवू शकतो. आपल्या बाजूच्या, म्हणजे गूगलच्या सर्व्हरनं जी ओळ लिहिली आहे, तिच्यात मेल कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या संगणकाच्या क्रमांकावरून, हातात आला ते असतं. तेवढं पक्कं.

त्याच पानाच्या वरच्या भागात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी पाठवणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या तीन पद्धतींची नावं आणि प्रत्येकापुढं 'पास' किंवा 'फेल' असतं. माझ्या मेलमध्ये तिन्ही पास होते. याचा अर्थ मेल प्रामाणिक आहे असा घेऊ नये. ज्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढं असतं त्याच्या, नावानं आला, त्या डोमेनच्या मालकाच्या परवानगीनंच आला, एवढंच त्यातून कळतं. डोमेन होतं उमेदवाराच्या नावाचं. पण असं डोमेन पैसे भरून कुणीही घेऊ शकतो. हूइजवर, म्हणजे डोमेन कधी आणि कुणी नोंदवलं ते दाखवणाऱ्या सेवेवर, शोधलं तर ते निवडणुकीच्या जरा आधी नोंदवलेलं निघालं आणि मालकाची माहिती झाकलेली होती. २०१८ पासून बहुतेक ठिकाणी ती अशी झाकलेलीच मिळते. आयपी पत्ता परदेशातल्या सर्व्हरचा होता, म्हणून पाठवणारा परदेशात बसलाय असं समजायचं कारण नाही. तो पत्ता एका घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवेचा होता आणि न पोचलेला मेल जिथं परत जातो त्या 'रिटर्न-पाथ' या ओळीतही तिचंच नाव होतं. गावातला मुलगासुद्धा घरी बसून अशा सेवेतून हजारो मेल सोडू शकतो.

इथं दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण यात लोक फसतात. मेलच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' असतं, ते दिसलं की लगेच दाबू नये. पाठवणारा कोण ते माहीत नसेल, तर त्या लिंकवर जाऊन आपण फक्त एवढंच कळवतो की हा पत्ता जिवंत आहे. पाठवणारा ओळखीचा आणि तपासणीत पास असेल, तर जीमेल स्वतः नावाशेजारी जे बटण दाखवतं ते वापरावं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं दिवसाला ५,००० च्या वर मेल सोडणाऱ्यांसाठी ही तपासणी आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडायची सोय सक्तीची केली आहे. दुसरी गोष्ट, माग काढायचा असेल तर मेल स्पॅममध्ये ढकलून मोकळं होऊ नये. स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. मी प्रत्येक मेल त्याच पानावरून मूळ स्वरूपात डाउनलोड करून ठेवला. स्क्रीनशॉटमध्ये ही आतली माहिती येत नाही आणि तक्रार घेणारे तीच मागतात.

मग त्या घाऊक सेवेला लिहिलं. अशा कंपन्यांचा तक्रारीचा पत्ता बहुधा 'अब्यूज' (गैरवापर) या नावानं असतो, १९९७ पासून तसा संकेतच आहे. यादीतल्या प्रत्येकाची संमती असली पाहिजे, ही अट त्यांच्याच करारात असते. इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: मी संमती दिलेली नाही, हा पत्ता मी फक्त एका मेळाव्याला दिला होता, सोबत मूळ मेल. उत्तर आलं की खातं थांबवलं आहे. ग्राहक कोण ते त्यांनी सांगितलं नाही आणि ते सांगणारही नव्हते.

आठवडाभर शांतता होती. मग त्याच 'मेळावा'च्या पत्त्यावर दुसऱ्या डोमेनवरून मेल आला आणि तो समोरच्या बाजूच्या उमेदवाराचा होता. नमस्कारानंतर पुन्हा तेच, ३ खोल्या जेवणासह. तिथं मला चित्र स्पष्ट झालं. एकमेकांविरुद्ध लढणारे दोघं एकच यादी वापरत होते. म्हणजे यादी कुठल्या पक्षाची नव्हती. कुणीतरी ती दोघांनाही पुरवत होता.

पहिल्या उमेदवाराच्या छापील पत्रकावर कचेरीचा फोन होता. तिथं फोन केला, शांतपणे विचारलं. उचलणारा पोरगा सरळ होता. म्हणाला, "वयनी, तो मेल आमचोच. पण यादी आमची नाय. ती डेटावाल्यान दिल्यान." डेटावाला कोण, तेही त्यानं सांगितलं. ज्यानं आमच्या मेळाव्यात नोंदणीचं टेबल सांभाळलं होतं, तोच.

मेळाव्याच्या आयोजकांकडं मी स्वतः गेले. ते आपलीच माणसं, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. नोंदणीचं काम बाहेर दिलं होतं, तक्ता गूगल शीटमध्ये होता आणि लिंक असलेल्या कुणालाही तो बघता येत होता. ती लिंक कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलेली. डेटावाल्याला बोलावलं तेव्हा त्यानं हाच मुद्दा पुढं केला, "लिंक उघडी होती, कोणीही घेतली असेल." उघड्या शीटमधून कुणी उतरवून नेली, हे शीट सांगत नाही, हे खरं. पण उमेदवाराच्या कचेरीनं त्याचंच नाव घेतलं होतं, तेही मी तिथं सगळ्यांसमोर सांगितलं. त्यावर तो गप्प बसला.

आयोजकांकडून मी लेखी मागितलं. शीट बंद करावी, नोंदणीदारांची यादी डेटावाल्याकडून काढून टाकल्याचं त्याच्या सहीनं घ्यावं आणि यादीतल्या सगळ्यांना झालेला प्रकार कळवावा. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरीला ते कचरत होते, "आमची नाचक्की होईल." मी हटले नाही. त्या यादीत एकट्या राहणाऱ्या बायका आहेत, ज्या घरात पाहुणे ठेवतात. त्यांचे फोन नंबर, घरात खोल्या किती हे बाहेर गेलं असेल, तर त्यांना ते कळलंच पाहिजे. शेवटी यादीतल्या सगळ्यांना निवेदन गेलं.

कायद्याचा आधार तेव्हा तोकडा होता, हे सांगायला हवं. नको असलेल्या फोन आणि एसएमएससाठी १९०९ हा तक्रारीचा नंबर आणि डीएनडी, म्हणजे 'त्रास देऊ नका' ही नोंदणी, आहे, ते मेलला लागू नाही. नको असलेल्या मेलसाठी वेगळा कायदा आपल्याकडं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा, पण त्याचे नियम यायचे होते. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला संमतीशिवाय वापरू नये आणि संमती काढून घेतली की ती पुसावी, हे त्यात स्पष्ट आहे.

निवडणुकीचा कायदा मात्र मला या बाबतीत फार जवळचा वाटला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ क नुसार प्रचाराच्या छापील पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असावाच लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दारात पडलेल्या कागदावर जे नाव मागायचा हक्क आपल्याला आहे, ते मेलवर का नसावं? मला हे मनापासून खटकतं. माझ्याकडं मत मागणाऱ्यानं स्वतःची ओळख झाकू नये.

आचारसंहिताभंगाच्या तक्रारीसाठी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अॅप आहे, ते या कामाला उपयोगी नव्हतं. तिथं जागेवरचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणून १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून विचारलं आणि खर्चाच्या अंगानं अर्ज केला. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडं ४० लाखांची खर्चमर्यादा आहे आणि इंटरनेटवरचा प्रचारही त्या हिशेबात धरावा लागतो. मी एवढंच विचारलं: या मेलसेवेचं आणि यादीचं बिल दोन्ही उमेदवारांच्या खर्चात दाखवलं आहे का? सोबत मूळ मेल पेनड्राइव्हवर दिले. टेबलावरच्या कारकुनानं आधी "मेलची कसली तक्रार" म्हटलं, पण खर्च हा शब्द वाचल्यावर अर्ज घेतला आणि आवक क्रमांक टाकून पोच दिली.

'मेळावा'च्या पत्त्यावर येणारं काहीही थेट पुसलं जावं, असा फिल्टर मी जीमेलमध्ये सगळा माग लागल्यावरच लावला. आधी लावला असता तर दुसरा मेल दिसलाच नसता. आता खरी विचारणा वर दिसते.

निकालानंतर ३० दिवसांत उमेदवारांना खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि फी भरून त्याची प्रत कुणालाही मिळते. मी दोघांच्याही घेतल्या. एकात घाऊक मेसेजची ओळ आहे, रकमेसकट. दुसऱ्यात वाहनं, मंडप, चहा-नाश्ता सगळं आहे, मेलचं काहीच नाही. त्या पानाची झेरॉक्स आणि मूळ मेल जोडून मी दुसरा अर्ज दिला आहे, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक वर लिहून.