अर्धा गुण

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, शाळेबद्दल लिहायला बसलो आणि दोन ओळींतच गाडी नाशा सरांवर आली. आता ती तिथून हलत नाही. कौलारू हॉल, घंटा, पटांगणातली धूळ यांबद्दल बाकीचे लिहितीलच. (नागरिकशास्त्राचे म्हणून नाशा. खरं नाव सगळ्यांना माहीत आहे.)

25 नोव्हेंबर 1984 ला, रविवारी, यशवंतराव चव्हाण दिल्लीत वारले. मी तेव्हा नववी ब मध्ये. सोमवारी तिसऱ्या तासाला सर आले, भाषण नाही, काही नाही. म्हणाले, "वह्या काढा. साहेबांची पदं सालासकट लिहा. विशेषण दिसलं की खोडणार." मी पहिलीच ओळ झोकात लिहिली: हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. सर वाकून म्हणाले, "कितव्या साली धावला?" मला येईना. "1962, नोव्हेंबर. चीननं मार दिलेला, संरक्षणमंत्री मेनननी राजीनामा दिला, त्यांच्या जागी यांना बोलावलं. एवढंच लिही लेका. डोंगर राहू देत जागेवर."

मग त्यांनी फळा भरला. 1946 ला कायदेमंडळात, 1956 ला द्विभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, 1 मे 1960 पासून महाराष्ट्राचे पहिले. पुढं दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र. सगळं लिहून झाल्यावर दोन रेघा ओढल्या त्या मधल्याच एका ओळीखाली: 1 मे 1962, जिल्हा परिषदा व पंचायत समित्या. म्हणाले, "संरक्षणमंत्री देशाला दुसराही मिळाला असता. पण चिखलीची शाळा नि दवाखाना कुणी बघायचा? चिखलीनं निवडून दिलेल्या माणसानं. हे कायद्यात बसवलं ते यांच्या सरकारनं." चिखली म्हणताना माझ्याकडं बघितलं. मी चिखलीचा, रोज के.एम.टी.नं, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसनं, येणारा.

डिसेंबरच्या चाचणीत मी लिहिलं, 'मोरारजींच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान.' सरांनी अर्धा गुण कापला. मी भांडलो, कारण आमचे आबा चावडीवर पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारे, आणि हे त्यांनीच सांगितलेलं. सर चिडले नाहीत. शनिवारी संध्याकाळी सायकलवर डबलसीट घेऊन करवीर नगर वाचन मंदिरात नेलं. वाटेत जुन्या राजाराम कॉलेजसमोर पाय टेकवून म्हणाले, "तुरुंगातून सुटून, मॅट्रिक होऊन इथं आले ते शिकायला." आणि परत पायडल मारलं.

जुन्या अंकांच्या फायली, धूळ, माझ्या शिंका. जुलै 1979 सापडला. मोरारजींवर अविश्वास ठराव आणणारे विरोधी पक्षनेते खुद्द चव्हाणच! सरकार गेलं आणि महिनाअखेर ते चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. म्हणजे ज्यांच्यावर अविश्वास आणला, त्यांच्याच हाताखाली मी साहेबांना बसवलं होतं. मान खाली घालून दुसरी फाईल चाळत बसलो, तर तिथं वेगळंच. सरांनी फळ्यावर लिहिलेलं, 1963, लोकसभा, सातारा. इथं छापलेलं नाशिक, पोटनिवडणूक, बिनविरोध. सातारा नंतरचा. सरांनी चष्मा पुसला, परत वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. परतताना गंगावेशीत दूधकट्ट्यावर दोघांनी धारोष्ण दूध घेतलं. सरांच्या मिशीला फेस लागलेला, मला सांगायचं धाडस झालं नाही.

सोमवारी आख्ख्या वर्गापुढं, "सातारा खोडा, नाशिक करा. चूक माझी, काढली ह्यानं." माझा अर्धा गुण मात्र दिला नाही.

साहेबांवर एवढा जीव, पण आणीबाणीत ते इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात गप्प बसले, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं. आबांना हे कधीच पटलं नाही.

पुढं मी पंचायत समितीवर एकदा निवडून आलो. पहिल्या सभेला दोन पानी भाषण लिहून नेलेलं. बसल्या बसल्या विशेषणं खोडत गेलो, तर तीन ओळी उरल्या: पाइप किती इंची, किती फूट, कुणाच्या दारापासून कुणाच्या दारापर्यंत. तेवढ्याच वाचल्या. नळ आला. पुढच्या वेळी पडलो, तो भाग वेगळा. आणि 2022 च्या मार्चपासून तर नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत पडायलासुद्धा कुणी नव्हतं, प्रशासकच कारभार बघायला लागले. सरांनी हे बघितलं नाही, बरं झालं.

स्मरणिका समितीनं सरांचा फोटो मागितलाय. माझ्याकडं 1986 च्या निरोप समारंभाचा एक होता, त्या उत्तरपत्रिकेबरोबर ट्रंकेत ठेवलेला. 2019 च्या पुरात चिखलीत पाणी माळ्यापर्यंत चढलं, त्यात दोन्ही गेलं. कुणाकडं तो ग्रुप फोटो असेल तर शाळेत आणून द्यावा. सर मधल्या रांगेत डावीकडून तिसरे आहेत, डोळे मिटलेले.