मोसंबीचा रस आणि मागून येणारा कडवटपणा

गेल्या मे महिन्यात आमच्या ठाण्याच्या घरी सात-आठ जुने सहकारी संध्याकाळी जमणार होते. त्यांच्यासाठी लिंबू, मोसंबी आणि पुदिना घातलेले मोहितो करायचे मी ठरवले. मोहितो मूळचे क्यूबाचे आणि त्यात पांढरी रम, लिंबाचा रस, साखर, पुदिना व सोडा एवढेच असते. मोसंबीची भर माझी होती, कारण मे महिन्याच्या दमट उकाड्यात नुसत्या लिंबाचा आंबटपणा मला टोचतो आणि मोसंबीमुळे त्याची धार कमी होते.

सकाळी जांभळी नाक्याच्या बाजारातून सामान आणले. पुदिन्याच्या सर्वांत टवटवीत दिसणाऱ्या जुडीकडे मी हात केला, तेव्हा भाजीवाल्या मावशींनीच मला अडवले. "ती नको दादा, तिच्यावर पाणी मारलंय. संध्याकाळपर्यंत काळी पडेल," असे म्हणून त्यांनी गोणपाटाखालची कोरडी जुडी काढून दिली. ती खरोखरच रात्रीपर्यंत हिरवीगार राहिली.

ऐन वेळी धावपळ नको म्हणून मी अकरा वाजताच डझनभर मोसंब्यांचा रस काढला आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. तेव्हा चाखून पाहिला होता आणि तो चांगला गोड होता. सहाच्या सुमारास नमुन्याचा पहिला पेला केला. पहिला घोट छान वाटला, पण तो गिळल्यावर जिभेच्या मुळाशी एक कडवट चव उमटली आणि ती पाणी पिऊनही जाईना.

माझा पहिला संशय पुदिन्यावर गेला, कारण तो मी मिक्सरमधून फिरवला होता. म्हणून दुसरा पेला पुदिन्याशिवाय केला. चटणीसारखा हिरवट वास गेला, पण कडवटपणा तसाच राहिला. मग रम, लिंबू, पाक आणि मोसंबी असे एकेक वेगवेगळे चाखले, आणि दोष सकाळच्या रसात असल्याचे कळले.

यामागचे कारण मी नंतर समजून घेतले. अखंड मोसंबीत एक चव नसलेला पदार्थ असतो. फळ चिरून रस काढला की रसातल्या आम्लामुळे त्याचे हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होते, आणि हे लिमोनिन अगदी थोडे असले तरी जिभेला कडू लागते. म्हणजे रस नासलेला नसतो, तो फक्त वेळेबरोबर कडू होत जातो. फ्रिजमध्ये ठेवल्याने ही क्रिया मंदावते, पण थांबत नाही. बिया चिरडल्या किंवा सालीखालचा पांढरा पापुद्रा जोरात पिळला गेला, तर कडवटपणा आणखी वाढतो. ज्यूसवाले प्रत्येक पेल्यासाठी समोरच मोसंबी पिळून का देतात, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगले.

खालच्या फळवाल्याकडून आठ मोसंब्या मागवल्या आणि पाहुणे येऊन बसल्यावरच त्या हलक्या हाताने पिळल्या. लिंबांचा रस मात्र तासभर आधी काढून ठेवला होता. त्याच्या आंबटपणापुढे असा कडवटपणा जाणवत नाही.

पुदिन्याची पद्धतही बदलली. त्याचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते, त्यामुळे पान वाटण्याची गरज नसते; पानाच्या चिंधड्या झाल्या की गवतासारखी तुरट चव बाहेर येते. आठ-दहा पाने पेल्याच्या तळाशी पाकात घालून मी ती लाकडी दांड्याने चार वेळा दाबली, घोटली नाहीत. पाने अखंडच राहिली, कडेने फक्त थोडी गडद झाली, आणि पेल्यातून जो वास आला तो मिक्सरने मुळीच दिला नव्हता.

एका पेल्याला 45 मिली रम, 20 मिली लिंबाचा रस, 40 मिली मोसंबीचा रस आणि 15 मिली पाक हे प्रमाण मला जमले. पाक समभाग साखर व पाण्याचा करून गार केला होता, कारण गार पेयात कोरडी साखर लवकर विरघळत नाही आणि तळाशी बसते. पेला बर्फाने काठोकाठ भरावा, कारण मूठभर बर्फ लवकर वितळून पेय पाणचट करतो. सोडा अगदी गार असावा आणि शेवटी ओतावा, कारण गार पाण्यात वायू अधिक टिकतो. त्यानंतर लांब चमच्याने एकदाच खालून वर ढवळावे. वरच्या पुदिन्याचा शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी द्यावी आणि मग खोचावा. पेला ओठाशी नेताना आधी तो वास येतो आणि मला तर निम्मा गारवा त्यातच वाटतो.

रमची 750 मिलीची बाटली असे सोळा पेले देते. दोघे जण मद्य घेत नाहीत. त्यांच्यासाठी रम वगळून मोसंबीचा रस दुप्पट घातला आणि पाक निम्मा केला. त्यांपैकी एकाने तीन पेले घेतले.

फ्रिजमधला सकाळचा रस दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखला. साखर घातली, चिमूटभर मीठ घातले, तरी तो कडूच लागला आणि शेवटी ओतून द्यावा लागला.