बारा फोटोंचा रोल

पोटाशी धरलेल्या मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे पस्तीस एमएमहून मोठ्या फिल्मच्या, कॅमेऱ्यात वरून डोकावलं की घासलेल्या काचेवर जेमतेम सहा सेंटिमीटरचं चौकोनी चित्र दिसतं. समोरचा माणूस डावीकडे सरकला की काचेवरचा माणूस उजवीकडे जातो. क्षितिज कललेलं दिसतं म्हणून कॅमेरा सावरायला जावं, तर ते आणखी कलतं. कॅमेरा डोळ्याला लावायची सवय असलेल्या हातांना हे उलटं गणित पचायला एक-दोन रोल लागतात. मग मात्र एक गोष्ट लक्षात येते. काचेवर दिसतं ते दृश्य राहिलेलं नसतं. ते आधीच सपाट झालेलं, कडा असलेलं, हातभर अंतरावरून बघता येणारं चित्र असतं. नको असलेला विजेचा खांब तिथे लगेच खुपतो. डोळ्याला लावलेल्या व्ह्यूफाइंडरमध्ये तोच खांब आपण सहज माफ करून टाकतो.

मीडियम फॉरमॅटच्या भक्तांना हल्ली संथपणाचं, थांबून बघण्याचं, जवळजवळ ध्यानधारणेचं बोलायला आवडतं. त्यात मला फारसा दम वाटत नाही. संथच व्हायचं असेल तर कॅमेरा घरी ठेवूनही होता येतं. या कॅमेऱ्यांची ओढ साध्या, मोजता येणाऱ्या गोष्टींत आहे आणि त्यातली पहिली म्हणजे निगेटिव्हचं क्षेत्रफळ.

पस्तीस एमएमची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. सहा बाय सहा सेंटिमीटरची म्हणतात ती प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे ३१३६. साडेतीनपटीहून जास्त. फिल्मवरचा रवा, म्हणजे चित्र घडवणारे बारीक कण, दोन्हीकडे तेवढाच असतो, फरक पडतो तो मोठं करताना. एक फूट बाजूचा चौरस प्रिंट काढायचा तर पस्तीस एमएमची निगेटिव्ह साडेबारापट ताणावी लागते आणि सहा बाय सहाची साडेपाचपटीपेक्षा कमी. म्हणून उजेडाला जास्त संवेदनशील, जाड रव्याच्या चारशे आयएसओच्या फिल्मवरही गालावरचा उजेड हळूहळू सावलीत उतरताना दिसतो, रव्याच्या पायऱ्या लागत नाहीत. जाता जाता सांगायचं तर आज मीडियम फॉरमॅट म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरचा असतो. तो या चौरसाच्या निम्मासुद्धा भरत नाही.

मोठ्या चौकटीचा दुसरा परिणाम फोकसवर होतो आणि तो जितका देखणा तितकाच फसवा. ८० एमएमची लेन्स इथे सर्वसाधारण समजली जाते. तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, २.८ वर उघडून एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस धरला तर स्पष्ट दिसणारी खोली साधारण चार सेंटिमीटर असते. डोळा धारदार, कान विरघळलेला. फोकस लावून झाल्यावर माणूस श्वास घेऊन किंचित पुढे झुकला तरी डोळा हातचा जातो. काचेभोवतीच्या हुडमधलं भिंग उघडून फोकस लावावा, भिंग मिटून चौकट बघावी आणि लगेच बटण दाबावं. मध्ये गप्पा नकोत. ज्याला हे धावतपळत जमवायचं असेल त्याने ॲपर्चर बारीक करून ८ वर आणावं. खोली बारा सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि निम्मी चिंता मिटते.

रोलचा प्रकारही निराळा. १२० नंबरची फिल्म कोडॅकने १९०१ साली ब्राउनी नंबर दोन या डबाकॅमेऱ्यासाठी काढली. १२० हे माप नाही, कोडॅकच्या यादीतला निव्वळ क्रमांक आहे. डबी नाही, कडेला भोकं नाहीत. सहा सेंटिमीटरांहून किंचित रुंद आणि सुमारे ऐंशी सेंटिमीटर लांब फिल्म तिच्याहून लांब कागदावर ठेवून गुंडाळलेली असते. ती फक्त सुरुवातीच्या टोकाला टेपने कागदाला चिकटवलेली असते, दुसरं टोक मोकळं. कागदाच्या पाठीवर आकड्यांच्या तीन ओळी छापलेल्या असतात, कारण याच फिल्मवर सहा बाय नऊचे आठ, सहा बाय सहाचे बारा किंवा सहा बाय साडेचारचे पंधरा-सोळा फोटो बसतात. कॅमेऱ्याला हे आकडे बघायची लाल खिडकी असली तर आपली ओळ कोणती हे आधी ठरवावं. अशा कॅमेऱ्यांत रोल पुढे सरकवणं आणि शटर यांचा सहसा एकमेकांशी संबंध नसतो. नॉब फिरवायला विसरलं की एकाच चौकटीत आजोबा आणि नारळाचं झाड दोघंही येतात.

यशिका मॅटसारख्या दोन लेन्सच्या (वरची बघायला, खालची फोटोला) कॅमेऱ्यात रोल भरायची रीत अशी. गेल्या रोलची रिकामी रीळ खालून काढून वर बसवायची. नवा रोल खाली, कागदाची काळी बाजू लेन्सकडे. कागदाचं निमुळतं टोक वरच्या रिळीच्या फटीत सरळ घालायचं आणि क्रँक (रोल पुढे सरकवायचा दांडा) हळू फिरवत कागदावरच्या बाणाची रेघ कॅमेऱ्यातल्या खुणांशी आणायची. मग झाकण लावून क्रँक आपोआप थांबेपर्यंत फिरवली की एक नंबर लागतो. टोक तिरकं गेलं तर कागद एका बाजूला चढत जातो, गुंडाळी सैल राहते आणि कडेने उजेड शिरतो. निगेटिव्हच्या काठावर काळे ओघळ दिसले तर दोष बहुधा या सैल गुंडाळीचा असतो. म्हणून भरताना बोटाने रोलवर हलका दाब ठेवावा, आणि भरणं-काढणं दोन्ही सावलीत करावं. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ फिरवून स्वतःच्या सावलीत. बारावा फोटो झाला की क्रँक मोकळी होईपर्यंत उरलेला कागद गुंडाळायचा, टोक आत दुमडायचं आणि डिंकाची पट्टी ओली करून घट्ट चिकटवायची.

रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये एक खोडी जास्त आहे. कागद खालच्या दोन बारीक रुळांच्या मधून न्यावा लागतो. कागदाच्या मागोमाग फिल्म आली की वाढलेली जाडी त्या रुळांना कळते आणि मोजणी तिथून सुरू होते, बाण जुळवायची गरजच नाही. पण कागद रुळांवरून नेला तर कॅमेऱ्याला फिल्म आल्याचं कळत नाही आणि क्रँक फिरतच राहते, थेट रोल संपेपर्यंत.

एकाच लेन्सच्या हॅसलब्लाडचा स्वभाव सरकारी कचेरीसारखा आहे, एक कागद कमी असेल तर काम होणार नाही. मागच्या मॅगझिनमध्ये (फिल्मच्या सुट्या डब्यात) डार्क स्लाइड (उजेड अडवणारी पातळ पट्टी) असेल तर बटण दाबलं जात नाही, आणि डार्क स्लाइड नसेल तर मॅगझिन निघत नाही. १९५७ सालच्या ५०० सी पासूनच्या या घराण्यात लेन्स बदलताना लेन्स आणि बॉडी दोन्ही चढवलेल्या, म्हणजे चाप ओढून फोटोला तयार, हव्यात. एक चढवलेली आणि एक उतरलेली अशी जोडी बसवली की सगळं अडकतं. मग मागून लांब पेचकस घालून आतली खाच फिरवत बसावं लागतं, ते काम जाणत्यानेच करावं. फोटो काढला की काचेवर चित्र पाडणारा आतला आरसा वर जातो आणि क्रँक फिरवेपर्यंत खाली येत नाही, त्यामुळे क्लिकनंतर काच काळी. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात आरसा हलतच नाही. ज्या क्षणी फोटो निघतो तो क्षणही काचेवर दिसतो आणि माणसाने नेमके तेव्हाच डोळे मिटले हे जागच्या जागी कळतं. हादरा नसल्यामुळे एक तीसांश सेकंदाला हातात धरूनही फोटो स्थिर येतो. माझं मत विचाराल तर हे एवढं सुख हॅसलब्लाडच्या सगळ्या रुबाबाहून मोठं आहे. मामिया आरबी ६७ बद्दल एवढंच सांगावं की तो स्टुडिओत तिपाईवर राजासारखा शोभतो आणि खांद्याला लावला तर अडीच किलोंचा हिशेब मागतो.

भारतात या आकाराची ओळख बहुतेक घरांना नाव न कळताच झाली. आग्फाचा क्लिक थ्री इथेच बनायचा. शटरचा एकच वेग, ऊन आणि ढग अशा मोजक्या खुणा, आणि १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. जुन्या अल्बमांतले चौकोनी काळे-पांढरे फोटो, मुंजीतला बटू किंवा चौपाटीवर रांगेने उभी केलेली भावंडं, त्यांतले बरेचसे असल्या साध्या कॅमेऱ्यांचे. गावोगावच्या स्टुडिओंत यशिका मॅट असायचा. तिथे मोठ्या निगेटिव्हचा आणखी एक उपयोग होता. फिल्मच्या मसाल्याच्या (रासायनिक लेपाच्या) बाजूवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करून देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची वर्तुळं पुसट करता येत. पस्तीस एमएमवर ते करायला पेन्सिल नव्हे, सुईच घ्यावी लागली असती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरत, आणि छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या कामाशी हॅसलब्लाडचं नाव जोडलं गेलं आहे. पोटाशी धरलेला कॅमेरा माणसाच्या तोंडावर रोखलेला नसतो. काढणारा मान खाली घालून उभा असतो आणि समोरचा त्यामुळे जरा सैलावतो. उंची खाली आल्यामुळे लहान मुलांचे फोटो वरून काढल्यासारखे दिसत नाहीत, हा आणखी एक नफा.

धुलाई घरी करायची असेल तर आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. एचपी५ प्लस या काळ्या-पांढऱ्या फिल्मला, एकास एक पाण्याने पातळ केलेल्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात), २० अंशांना साधारण ११ मिनिटं लागतात. पॅटरसन कंपनीच्या धुलाईच्या टाकीत १२० च्या एका रोलला ५०० मिली द्रावण, म्हणजे २५० मिली डी-७६ आणि २५० मिली पाणी. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात नळाचंच पाणी तिशीच्या वर असतं. बादलीत बर्फ टाकून बाटल्या त्यात बुडवून ठेवाव्यात. २४ अंशांवर आणलं तरी चालतं, वेळ आठ मिनिटांच्या आसपास येतो. त्याहून गरम द्रावणात वेळ इतका कमी होतो की ओतण्या-उपसण्यातल्या वीस सेकंदांचेही डाग दिसायला लागतात. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी करावी, तळ टेबलावर आपटून बुडबुडे उडवावेत, पुढे दर मिनिटाला तेच. फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही जवळपास त्याच तापमानाचं ठेवावं.

त्याआधीची कसोटी मात्र अंधारात, काळ्या पिशवीत. कागद उलगडत फिल्मपर्यंत यायचं आणि ती वेगळी करत शेवटी टेपपर्यंत पोचायचं. टेप झटक्यात ओढली तर अंधारात निळसर चमक उठते, म्हणून ती सावकाश सोलावी. फिल्म रुंद आणि लवचीक असल्यामुळे टाकीत बसणाऱ्या चक्रात चढवताना मध्येच मुडपते, आणि मुडपली तिथे धुतल्यावर चंद्रकोरीएवढा डाग येतो. चक्रात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी फिल्म तिथे चिकटते. दमट दिवसांत पिशवीत हातांना घाम सुटतो आणि दहा मिनिटांनी सगळंच चिकट होतं. तेव्हा जोर न लावता फिल्म आणि चक्र टाकीत टाकावं, झाकण लावावं, हात बाहेर काढून पुसावेत आणि मग पुन्हा सुरू करावं. मुदत संपलेला एखादा रोल उजेडात, मग डोळे मिटून चढवायचा सराव केलेला बरा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे कॅमेरे कातडी केसमध्ये ठेवू नयेत. कातडं ओल धरतं आणि लेन्समध्ये बुरशीचे धागे पसरतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राखावी आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरावं. फ्रिजमधला रोल वेष्टन न फोडता दोन तास बाहेर राहू द्यावा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. दमट उष्म्यात फार दिवस पडलेल्या रोलवर कागदाच्या आकड्यांचे ठसेही उमटतात, आणि मग निरभ्र आकाशात भलत्याच ठिकाणी ७ दिसतो.

जुना कॅमेरा घेताना शटर बी या खुणेवर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) उघडं ठेवून लेन्समधून टॉर्च मारावा. खालच्या लेन्समध्ये धागे दिसले तर परत द्यावा. वरच्या लेन्समधली बुरशी फोटोत येत नाही, तिच्यावरून फक्त घासाघीस करावी. शटर एक सेकंदावर लावून ऐकावं. घरघर मध्येच अडखळली किंवा दोन सेकंद लांबली तर आतलं वंगण सुकलंय. सेल्फ टायमरला हातच लावू नये, तो निम्म्या वाटेत अडकला की शटरही घेऊन बसतो. यशिका मॅट १२४ जी चा उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा आणि ते सेल आता मिळत नाहीत. दीड व्होल्टचा सेल घातला तर काटा खोटं बोलतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असल्यामुळे बराच जवळ येतो, पण काही आठवड्यांत संपतो. खरं तर मीटर नसला तरी अडत नाही. चारशेची फिल्म आणि कडक ऊन असेल तर एक पाचशेवांश सेकंद आणि ॲपर्चर १६, ढगाळ असेल तर ८, पावसाळी दुपारी ५.६. म्हणून मीटर बंद आहे या कारणाने विकणारा किंमत उतरवत असेल, तर त्याला खुशाल उतरवू द्यावी.