घरच्या काळजीचे मोजमाप

दिव्यांग मुलाला घरी कोणती आणि किती काळजी लागते हे ठरवण्यासाठी मी एखाद्या घरी जाते, तेव्हा पालक बहुधा आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारने दिलेले दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, पुढे करतात. त्यावरच्या टक्केवारीचे महत्त्व आहेच. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालील अनेक लाभ 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्याशिवाय मिळत नाहीत. परंतु सारखीच टक्केवारी असलेल्या दोन मुलांपैकी एकाची आई रात्रभर झोपते आणि दुसऱ्याची आई त्याची कूस बदलायला पुन्हा पुन्हा उठते, हे त्या कार्डावर कोठेच दिसत नाही.

सेरेब्रल पाल्सीसाठी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या स्थितीसाठी, आम्ही थेरपिस्ट जीएमएफसीएस ही मुलाच्या हालचालीच्या क्षमतेची पाच पातळ्यांची वर्गवारी वापरतो. पहिल्या पातळीवरचे मूल चालते, जिने चढते. पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान सावरणेही कठीण जाते. वर्गवारी चांगली असली तरी ती हालचालीपुरतीच आहे, म्हणून मी भेटीसाठी मुद्दाम जेवणाची वेळ मागून घेते.

ताटावर जे कळते ते कागदपत्रांतून कळत नाही. बहुतेक घरांत मूल मांडीवर आडवे घेतले जाते, त्याची मान मागे कलते आणि पातळ वरण चमच्याने थेट घशाशी सोडले जाते. अशा वेळी घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो. मूल खोकते, त्याच्या डोळ्यांत पाणी येते, जेवणानंतर घशात घरघर ऐकू येते. काही मुलांना तर खोकलाही येत नाही आणि वारंवार छाती भरण्याचे कारण महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. जेवायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असेल आणि वजनही वाढत नसेल, तर मुलाला सरळ बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवायला मी शिकवतेच, पण गिळण्याची तपासणी करून घेण्याचाही आग्रह धरते.

आजाराप्रमाणे प्रश्न बदलतात. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळणे) असलेल्या मुलीला दर काही तासांनी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, लघवी काढावी लागत असेल, तर शाळेच्या वेळेत ते कोण करणार? तिच्या पायांना संवेदना नसल्यास टाचा आणि बैठकीची जागा रोज कोण पाहते? फिट येणाऱ्या मुलाच्या घरी डॉक्टरांनी फिट थांबवण्यासाठी लिहून दिलेला नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे कोठे ठेवला आहे हे केवळ आईलाच ठाऊक असते, आणि ती बाजारात गेलेली असताना आजीने काय करावे याचा विचार कोणी केलेला नसतो.

घराचीही पाहणी करावी लागते. मोरीचा उंबरठा, दाराची रुंदी, खाटेची उंची हे सारे मी टेपने मोजते. शिबिरात मिळालेली खुर्ची दहा बाय दहाच्या खोलीत मावत नाही म्हणून माळ्यावर पडलेली मी अनेकदा पाहिली आहे. तिच्यापेक्षा कोपऱ्यात बसणारे साधे लाकडी आसन बरे.

सर्वांत अवघड मोजमाप आईचे. तिच्या कमरेविषयी विचारले की ती हसून विषय बदलते. तीन वर्षांचे मूल उचलणारी आई तेच मूल दहा वर्षांचे झाल्यावर एकटीने उचलू शकणार नाही, हे आकडेमोडीशिवायही समजते. तरी मूल वाढले म्हणून काळजीची नोंद नव्याने क्वचितच केली जाते. माझ्या अहवालात म्हणूनच दिवसरात्रीचा तक्ता असतो: कोणत्या वेळी कोणते काम, ते कोण करते, त्याला किती मिनिटे लागतात आणि ती व्यक्ती आजारी पडल्यास दुसरे कोण. रात्रीचा रकाना भरताना बहुतेक वडील पहिल्यांदाच गप्प होतात.

या तक्त्याचा उपयोग कायद्याच्या दृष्टीनेही आहे. याच अधिनियमाच्या कलम 38 अन्वये लक्षणीय, म्हणजे 40 टक्के किंवा त्याहून अधिक, दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी अधिक आधाराची मागणी करता येते आणि ती गरज मूल्यांकन मंडळाने तपासायची असते. कलम 24 मध्ये अशा अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. असा अर्ज करणाऱ्या पालकांनी प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत किमान आठवड्याभराचा तक्ता जोडावा आणि त्यात रात्रीच्या नोंदी घड्याळ पाहून लिहाव्यात.