आठवारी

स्कॉटलंडमधल्या लग्नाचं आमंत्रण आलं की पाहुण्याला पेच पडतो : किल्ट नेसावा का? (घालावा नव्हे, कमरेला गुंडाळून पट्ट्यांनी आवळायचं पुरुषांचं चुणीदार वस्त्र नेसायचंच असतं.) त्यासाठी स्कॉटिश घराण्यात जन्मावं लागत नाही. तिथे किल्ट भाड्याने मिळतो, आपल्या नावाचा टार्टन, म्हणजे घराण्याच्या ठरावीक चौकड्यांचं कापड, नसला तरी ब्लॅक वॉच हा गडद निळा-हिरवा टार्टन कुणालाही चालतो. विचारायचं ते एवढंच, की नवरदेव काय घालणार आहे? तो साध्या सुटात आणि पाहुणा चुण्या झुलवत, असं झालं तर फोटोत नवरा शोधावा लागतो.

किल्ट ठरला तरी प्रसंग सांभाळतात जॅकेट आणि स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारा बटवा. तीच आठ वार लोकर (नऊवारीला फक्त एक वार कमी!) दुपारी ट्वीडचं जॅकेट आणि साधा चामडी स्पोरन घेऊन जाते, संध्याकाळी प्रिन्स चार्ली जॅकेट, बो टाय आणि केसाळ स्पोरन. दुपारच्या बागेतल्या जेवणाला प्रिन्स चार्ली म्हणजे बारशाला शालू. अंत्यविधीलाही किल्ट चालतो, फक्त टाय काळा आणि झगमग घरी.

घोळ होतो तो मापात. पुरुषमंडळी दुकानात जीन्सचं माप सांगून मोकळी होतात. जीन्स कमरेखाली, किल्ट बेंबीच्या उंचीवर. घेर चुकला की तो घसरतो आणि गुडघ्याच्या मध्यावर थांबायची किनार नडगीवर उतरते. म्हणून टेप बेंबीवरून फिरवायची आणि उंची तिथून गुडघ्याच्या मध्यापर्यंत घ्यायची. मोजे दुमडून गुडघ्याखाली तीन बोटं. चुण्या मागे, सपाट भाग पुढे, उघडी कड उजवीकडे. किल्टपिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर एकत्र टोचले की बसताना ताण येतो आणि महागाची लोकर फाटते. बसण्याआधी मागच्या चुण्या तळहाताने सारख्या करायच्या, हे नऊवारी नेसणारीला शिकवायला नको.

उजव्या मोज्यातली छोटी सुरी, स्कीअन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ब्रिटनच्या कायद्याला मान्य आहे. विमानतळावरच्या तपासणीला नाही, तेव्हा ती चेक-इनच्या बॅगेत. आणि जेवणानंतर केली, म्हणजे तिथला सामूहिक लोकनाच, सुरू झाला की स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवायचा. पुढेच राहिला तर प्रत्येक उडीला नको तिथे आपटतो.